सेंट्रल लॉक अडलं? बडोद्यातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

ऑटो-इलेक्ट्रिकचं काम करत असल्यामुळे दांडिया बाजारापासून वडसरपर्यंत ओळखीच्या मराठी घरांत कुणाच्याही गाडीचं सेंट्रल लॉक (एका बटणाने सगळी दारं लावणारं लॉक) अडलं की दाराचा फोटो माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. फोटोत काही कळत नाही. चांगलं दार आणि बिघडलेलं दार बाहेरून सारखंच दिसतं. त्यामुळे आधी एक विनंती: फोटो नको, बटण दाबतानाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. निम्मं निदान आवाजावरच होतं. खालचे प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवले आहेत. उत्तर दुसरीकडे येऊन गेलं असेल तिथे त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. काका, हे सेंट्रल लॉक आतून चालतं कसं? मला फक्त बटण माहीत आहे.

प्रत्येक दारात लॅचजवळ (दार अडकवून धरणाऱ्या खटक्याजवळ) एक छोटी १२ व्होल्टची मोटर असते. तिला करंट एका दिशेने दिला की दार लॉक होतं आणि उलट दिशेने दिला की उघडतं. करंट मिळतो तोही साधारण अर्धा सेकंद. हुकूम रिमोटवरून येतो, दारावरच्या बटणावरून येतो किंवा ड्रायव्हरच्या दारात चावी फिरवून येतो. हे सगळे हुकूम डॅशबोर्डखालच्या एका डब्यात जातात. नव्या गाड्यांत तो बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणजे बीसीएम असतो, तर बाहेरून बसवलेल्या किटमध्ये किटचाच काळा डबा. तिथून वायरी निघतात, बिजागरांजवळच्या रबरी नळीतून दारात शिरतात आणि मोटरपर्यंत पोचतात.

ड्रायव्हरच्या दाराचं वेगळं आहे. पुष्कळ गाड्यांत तिथे मोटरसोबत स्विचही असतो. चावी फिरवली की तो स्विच डब्याला कळवतो आणि बाकीची दारं मागे चालतात. घरातला कर्ता आजारी पडला की सगळ्या घराचं तंत्र बिघडतं, तसंच या दाराचं आहे.

२. काल चालत होतं, आज एकदम बंद. सगळ्यात आधी काय बघू?

हत्यार हातात घेऊ नका. गाडीत बसा, दारं बंद करा, एसी आणि रेडिओ बंद करा आणि बटण दाबा.

फक्त रिमोटने चालत नाही, पण दारावरच्या बटणाने चालतं? मग दोष रिमोटमध्ये आहे, प्रश्न ३ बघा. एकही दार हलत नाही आणि कुठूनही आवाज नाही? प्रश्न ४. तीन दारं चालतात आणि एक रुसलंय? प्रश्न ५. 'टक' किंवा 'घर्र' असा आवाज येतो, पण दार लॉक होत नाही? प्रश्न ६. लॉक होतं आणि लगेच उघडतं? प्रश्न ७.

ही पाच मिनिटांची परीक्षा न करता गॅरेजला गेलात तर बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकायला मिळतं: "मोटर बळी गई छे, बदलवी पडशे," म्हणजे मोटर जळाली, बदलावी लागेल. मोटर कधीकधी खरंच जळते. पण माझ्याकडे आलेल्या गाड्यांत वायर तुटलेली जास्त वेळा सापडली आहे.

३. रिमोट जवळ नेल्याशिवाय चालतच नाही. बदलावा लागेल का?

आधी सेल बदला. आधी वीस पावलांवरून चालणारा रिमोट आता काचेला टेकवल्यावर चालतो, हे सेल संपत आल्याचं लक्षण आहे. सेलवर लिहिलेला नंबर जसाच्या तसा आणा. सीआर२०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. सीआर२०१६ रुंदीला तेवढाच, पण जाडीला निम्मा. २०३२ च्या जागी २०१६ घातला तर तो आत सैल बसतो, आज चालतो आणि उद्या खड्ड्यात गाडी आदळली की बंद. नवा सेल मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. २.८ च्या खाली दिसला तर टाकून द्या.

सेल बदलूनही चालत नसेल तर आतल्या पत्र्याच्या पट्ट्या चपट्या झाल्यात का बघा, नखाने किंचित उचला. बटणाखालचा रबर झिजला असेल तर सर्किट चांगलं असूनही दाबल्याचं कळत नाही. आणि घरात लहान मूल असेल तर त्याला विचारा. गाडी समोर नसताना रिमोटचं बटण शेकडो वेळा दाबलं गेलं तर काही गाड्यांत रिमोट आणि गाडी यांच्यातला बदलत्या कोडचा मेळ सुटतो. तो पुन्हा जुळवायची पद्धत गाडीच्या पुस्तकात असते. बऱ्याचदा चावीने दार उघडून गाडी चालू केली तरी पुरतं.

एक गैरसमज: टीव्हीच्या रिमोटसारखा मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून हा तपासता येत नाही. टीव्हीचा रिमोट अवरक्त प्रकाश सोडतो, गाडीचा रेडिओलहरी. कॅमेऱ्यात काही दिसणारच नाही.

४. चारही दारं मेल्यासारखी. आवाजच नाही.

फ्यूज. गाडीच्या पुस्तकात किंवा फ्यूजच्या झाकणामागे नकाशा असतो, त्यात 'डोअर लॉक' शोधा. फ्यूजच्या रंगावरून अँपिअर कळतात: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. जो होता तोच घाला. १५ चा उडतो म्हणून ३० चा घालणाऱ्यांना मी हात जोडतो. फ्यूज उडतो तो वायरीला वाचवण्यासाठी. मोठा फ्यूज घातला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती डॅशबोर्डमागे गालिच्याला टेकलेली असते.

नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी वायर बॉडीला टेकते आहे. पहिला संशय रबरी नळीवर घ्या (प्रश्न ५).

फ्यूज ठीक असेल तर बॅटरी बघा. गाडी रात्रभर उभी असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली असेल तर लॉक मरगळतं, मग अर्धवट चालतं, मग गप्प. हॉर्न बारीक वाजतोय, डोममधला म्हणजे छतातला दिवा पिवळट दिसतोय? मग दोष लॉकचा नाही.

५. एकच दार चालत नाही, तेही मनाला येईल तसं. कधी चालतं, कधी नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि यातच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. त्यामुळे जरा सविस्तर.

माझ्याच गाडीची गोष्ट. ड्रायव्हरच्या बाजूचं लॉक अधूनमधून दगा देऊ लागलं. मी मोटर बदलली. आठ दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. मी दुसरी मोटर घातली, पहिलीच खराब निघाली असणार असं समजून. तीही आठवड्यात रुसली. एकदा खंडेराव मार्केटमधून भाजी घेऊन आलो. बायको पिशव्या उतरवत होती, दार अर्धं उघडं होतं आणि लॉक टकाटक चाललं. ती म्हणाली, "अहो, दार अर्धं उघडं असलं की चालतं. इतके दिवस तुमच्या लक्षात नाही आलं?" नव्हतं आलं.

दार आणि बॉडी यांच्यामधली रबरी नळी दर वेळी दाराबरोबर वाकते. दिवसातून दहा वेळा दार उघडलं तर वर्षात साडेतीन हजारांवर वेळा त्या वायरी वाकतात आणि सरळ होतात. तांब्याचे तंतू एकेक करून तुटतात. वरचं प्लॅस्टिक शाबूत राहतं, म्हणून डोळ्याला वायर धडधाकट दिसते. ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त उघडतं, म्हणून तिथलीच वायर आधी जाते. डिकीच्या झाकणाचीही हीच कथा.

तपासायचं असं: दार पूर्ण उघडा आणि दुसऱ्याला बटण दाबायला सांगा. मग दार हळूहळू बंद करत न्या, मध्ये मध्ये थांबा. एका ठराविक कोनात चालतं आणि दुसऱ्यात नाही, तर निकाल लागला. काच आणि आरशाची मोटरही त्याच वेळी बंद पडत असेल तर शंकाच नाही, त्यांच्या वायरी त्याच नळीतून जातात.

नळीचं टोक बॉडीतून सोडवून मागे सरकवा आणि एकेक वायर चिमटीत धरून हलकेच ओढा. चांगली वायर ताठ राहते. तुटलेली रबराच्या दोरीसारखी लांबते, कारण आत तांबं उरलेलंच नसतं. माझ्या गाडीतली अशीच लांबली. प्लॅस्टिक कापलं तर आत हिरवी भुकटी, तांब्याला बुरशी आल्यासारखी.

दुरुस्ती करताना तुटल्या जागी दोन टोकं पिरगाळून टेप गुंडाळू नका. ती टेप बडोद्याच्या उन्हात विरघळून चिकट होते आणि जोड पुन्हा सुटतो. तेवढ्याच जाडीची, बारीक तंतूंची मऊ वायर घ्या. दोन्ही जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर, म्हणजे एक दारात आणि एक बॉडीत येतील इतका तुकडा घाला. सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी चढवा. तीन-चार वायरी असतील तर सगळे जोड एकाच जागी आणू नका, नाहीतर नळीत गाठ अडकते.

वायर ठीक निघाली तरच मोटरकडे वळा, प्रश्न ९.

६. आवाज येतो, पण दार लॉक होत नाही.

म्हणजे करंट पोचतोय. आता अडचण यांत्रिक आहे. 'टक' असा ठाम आवाज येऊनही दारावरची लॉकची गुंडी हलली नाही तर मोटरपासून लॅचपर्यंतची दांडी क्लिपमधून निसटली असावी. ती क्लिप प्लॅस्टिकची, नखाएवढी. नवी क्लिप घातली की काम झालं. 'घर्र' असा मोकळा फिरल्याचा आवाज येत असेल तर मोटरच्या डब्यातलं दातेरी चाक झिजलंय. ते वेगळं मिळत नाही, पूर्ण मोटर किंवा लॅचसकट असेंब्ली घ्यावी लागते. दबका, जोर लावल्यासारखा आवाज असेल तर लॅच सुकलाय, प्रश्न १२.

७. लॉक होतं आणि तेवढ्यात परत उघडतं. भूत आहे का गाडीत?

भूत नाही. गाडीला वाटतंय की एखादं दार उघडं आहे, किंवा ड्रायव्हरचं दार नीट लॉक झालेलं नाही.

डॅशबोर्डवर दाराचं चित्र पेटलेलं दिसतंय का? डोममधला दिवा विझत नाही का? तर दार उघडं असल्याचं सांगणारा स्विच बघा. जुन्या गाड्यांत तो खांबावर रबराच्या बोंडाखाली असतो, नव्यांत लॅचच्या आतच. डिकी आणि बॉनेटही मोजा, काही गाड्या बॉनेट उघडं असलं तरी लॉक नाकारतात.

चित्र पेटलेलं नसेल तर ड्रायव्हरच्या दाराची मोटर बघा. ती म्हातारी झाली की दांडी शेवटपर्यंत ढकलत नाही. आतला स्विच डब्याला सांगतो 'अजून उघडं आहे', आणि डबा बाकीच्या तिघांनाही उघडतो. म्हणजे उघडतात चारही दारं, पण दोषी एकच. खात्री करायची सोपी युक्ती आहे. रिमोट दाबताना त्याच क्षणी ड्रायव्हरच्या दाराची गुंडी बोटाने खाली दाबा. लॉक टिकलं तर मोटर अशक्त आहे.

८. मागचं दार फक्त आतून उघडत नाही, बाहेरून उघडतं.

चाइल्ड लॉक. दाराच्या कडेला, लॅचजवळ छोटी खिट्टी असते, ती उलटी करा. गाडी धुताना फडक्याने ती सरकते. यासाठी दार खोलून बसलेले दोन जण मला माहीत आहेत.

९. मोटर खरंच गेली की नाही, घरच्या घरी कसं ओळखू?

दाराचं पॅड, म्हणजे आतलं आच्छादन काढा (प्रश्न १०) आणि मोटरचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लॅस्टिकचा जोड, सुटा करा. १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प मोटरकडे जाणाऱ्या दोन वायरींवर लावा आणि बटण दाबा. लॅम्प क्षणभर चमकला म्हणजे करंट येतोय, आणि तरी मोटर गप्प तर मोटर गेली. चमकलाच नाही तर मोटरला दोष देऊ नका, मागे वायरीत शोधा. बल्बचा टेस्ट लॅम्प फक्त मोटरच्या वायरींवर वापरायचा. बीसीएमच्या बारीक सिग्नलच्या वायरींवर मल्टिमीटरच लावा, बल्ब जास्त करंट ओढतो.

बाहेरून बसवलेली दोन वायरींची 'गन' (किटमधली लॉकची मोटर) असेल तर तिला थेट बॅटरी लावूनही बघता येतं, आधी एका दिशेने, मग उलट. फक्त क्षणभर टेकवायचं. लॅचमध्येच बसवलेल्या मोटरीत पाच-सहा पिना असतात आणि त्यातल्या काही स्विचच्या असतात. तिथे नकाशा हाताशी नसताना बॅटरी टेकवू नका.

१०. पॅड काढायला गेलो आणि क्लिपा तुटल्या. बरोबर पद्धत काय?

आधी सगळे स्क्रू शोधा. ओढायच्या हँडलच्या खोबणीत, आतल्या कडीच्या मागे, छोट्या प्लॅस्टिकच्या झाकणाखाली, कधी पॅडच्या खालच्या कडेला. एक स्क्रू राहिला आणि जोर लावला की पॅडला चीर गेलीच. मग खालच्या कोपऱ्यातून प्लॅस्टिकची पट्टी घालून एकेक क्लिप सोडवा. लोखंडी पेचकस रंग खरवडतो. सगळ्या क्लिपा सुटल्यावर पॅड वर उचलायचं, बाहेर ओढायचं नाही, कारण वरची कड काचेच्या पट्टीत अडकलेली असते. चार-सहा जादा क्लिपा आधीच आणून ठेवा. जानेवारीच्या सकाळी प्लॅस्टिक कडक असतं, गाडी तासभर उन्हात ठेवून मग हात घाला.

एक इशारा गंभीरपणे घ्या. साइड एअरबॅग असलेल्या काही गाड्यांत दाराच्या आत धक्का ओळखणारा प्रेशर सेन्सर असतो. पॅड काढण्याआधी इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह सुटी करा आणि काही मिनिटं थांबा. सेन्सरचा कपलर सुटा असताना इग्निशन चालू करू नका. प्रश्न ९ ची लॅम्पची परीक्षा करायला करंट लागतो, त्यामुळे आधी दारात असा सेन्सर आहे का ते पुस्तकात बघा. असेल तर ती परीक्षा वायरमनला करू द्या.

बॅटरी परत जोडल्यावर एका टचने वर जाणारी काच ऐकेनाशी होते. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की बहुतेक गाड्यांत ती पुन्हा शिकते.

११. दर पावसाळ्यात लॉक बंद, दिवाळीला आपोआप चालू. हे काय गौडबंगाल?

दारात पाणी जाणं नैसर्गिक आहे. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या आत उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. तशी रचनाच आहे. पण लिंबाचा मोहोर, धूळ आणि सुकी पानं यांनी ती भोकं बुजली की दाराची बादली होते. गाडी वळवताना दारातून 'खळ्ळ' असा आवाज येतो का? दाराच्या खालच्या कडेला काडी फिरवा. एकदा कारेलीबागेतल्या एका गाडीच्या दारातून इतकं पाणी निघालं की खाली तांब्या धरावा लागला.

दुसरं कारण माणसांनी केलेलं आहे. पॅडमागे दारावर एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो, पाणी पॅडपर्यंत येऊ नये म्हणून. काचेच्या कामाला कुणीतरी तो फाडतं आणि 'चालेल' म्हणत तसंच सोडतं. मग पाणी स्विचवर आणि कपलरवर येतं, गालिचा ओला होतो. फाटला असेल तर जाड प्लॅस्टिक त्याच मापाने कापून ब्यूटाइलच्या पट्टीने चिकटवा. दुकानात काम करून घेत असाल तर पॅड बसवण्याआधी स्वतः डोकावून बघा. नंतर कुणी दाखवत नाही.

१२. लॅचमध्ये कोणतं तेल घालू? घरात खोबरेल आणि शिवणयंत्राचं आहे.

दोन्ही नको. धूळ धरून त्याची चिखलासारखी लापशी होते. इंजिन ऑइलचंही तेच. आधी गंज सोडवणारा स्प्रे मारून लॅच साफ करा, पुसा, मग पांढरं लिथियम ग्रीस थोडं लावा. स्प्रे हा साफसफाईचा गडी आहे, वंगण म्हणून तो टिकत नाही. चावीच्या भोकात ग्रीस नाही, ग्रॅफाइटची भुकटी.

१३. ऑगस्ट २०२४ च्या पुरात गाडी बुडाली होती. इंजिन नीट झालं, पण लॉक वेड्यासारखं वागतं.

त्या वेळी विश्वामित्री नदी समा, अकोटा, फतेहगंज, मुजमहुडा भागांत घुसली आणि पार्किंगमधल्या गाड्या सीटपर्यंत पाण्यात होत्या. मगरींच्या बातम्या देशभर गेल्या, गाड्यांच्या वायरिंगची बातमी कुणी केली नाही. नदीचं गाळाचं पाणी कपलरमध्ये शिरलं की ते सुकल्यावरही गाळ तिथेच राहतो. दमट हवेत तो ओलावा धरतो, पिनांमध्ये करंट गळतो आणि तांब्यावर हिरवं चढतं. म्हणून बिघाड दोन-दोन महिन्यांनी, वर्षाने उगवतात.

पुष्कळ गाड्यांत बीसीएम किंवा किटचा डबा डॅशबोर्डखाली पायाजवळ असतो, म्हणजे पाणी पोचणारी पहिलीच जागा. बॅटरी सुटी करून तिथले सगळे कपलर काढा. इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने घासा, पूर्ण सुकू द्या आणि मगच जोडा. दारांच्या उंबऱ्याखालून, गालिच्याच्या आतून जाणारे जोडही बघा. बॉडीला बसवलेले अर्थिंगचे (निगेटिव्ह वायरींचे) बोल्ट काढून खाली पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा. हे नुसतं करून सरळ झालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

पुढच्या वेळी अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या रस्त्यात) पाणी दिसलं तर 'निघून जाईल' म्हणू नका. आणि बुडालेली गाडी चालू करून बघू नका, टोइंग बोलवा.

१४. विमा मिळेल का?

पुराने झालेलं नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात येतं. नुसती थर्ड पार्टी असेल तर काही नाही. बुडालेलं इंजिन चालू करून झालेल्या बिघाडाला सहसा वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं असावं लागतं. झिजलेली मोटर किंवा वाकून तुटलेली वायर मात्र कोणत्याच साध्या पॉलिसीत बसत नाही.

१५. बाजारातलं किट बसवलंय. त्याचं निदान वेगळं का?

वेगळं नाही, उलट सोपं. ड्रायव्हरच्या दारातल्या गनला पाच वायरी, बाकीच्यांना दोन. बहुतेक किटमध्ये निळी आणि हिरवी मोटरच्या, उरलेल्या तीन स्विचच्या. ड्रायव्हरचं दार हाताने लॉक केल्यावर बाकीची दारं ढिम्म, पण रिमोटने मात्र चालतात? तर त्या तीन वायरींत शोधा. गनचे स्क्रू सैल होणं हा किटचा खास आजार आहे. गनच हलली तर दांडीला जोर कुठून मिळणार? खर्च शून्य, पेचकस पुरे.

नव्या गाडीत किट बसवताना मूळ वायरिंग कापून जोड दिला तर कंपनी त्या वायरिंगची वॉरंटी नाकारू शकते. कपलर ते कपलर जोडणारं किट मागा.

१६. दार बंद अवस्थेत अडकलं. आतून नाही, बाहेरून नाही.

दोन माणसं लागतात. एकाने अनलॉकचं बटण दाबायचं, दुसऱ्याने त्याच क्षणी दार आत ढकलत बाहेरची कडी ओढायची. त्याच वेळी पॅडवर लॅचच्या जागी मुठीने दणका द्या, अडकलेली मोटर कधीकधी सुटते. पाच-सहा प्रयत्नांनंतर मिनिटभर थांबा. सतत दाबलं की काही गाड्या मोटर तापू नये म्हणून लॉक थोडा वेळ स्वतःच बंद ठेवतात आणि माणसाला वाटतं तेही गेलं. बंद दाराचं पॅड काढायचं काम अनुभवी माणसाला द्या. उघडल्यावर लॅच बदलल्याशिवाय ते दार पुन्हा लावू नका.

१७. चावी आत राहिली, गाडी लॉक झाली, आणि बाळ आत आहे.

ही दुरुस्तीची वेळ नाही. उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत सुमारे १० अंशांनी तापते. मूल रडत असेल, घामेजलं असेल किंवा गप्प पडलं असेल तर ताबडतोब काच फोडा. बाळापासून सगळ्यात लांबची बाजूची काच, आणि मधोमध नाही, कोपऱ्यात टोकदार वस्तूने मारा. पुढची मोठी काच फोडायला जाऊ नका, ती दोन थरांची असते, तडकते पण फुटत नाही. सोबत कुणी असेल तर त्याला ११२ किंवा अग्निशमनचा १०१ लावायला सांगा. काचेचा खर्च नंतर बघता येईल.

१८. बटण-स्टार्टची गाडी आहे, चावीचा सेल संपला. गाडी उघडू कशी?

स्मार्ट चावीच्या आत लोखंडी चावी लपवलेली असते, बाजूची खिट्टी दाबून ओढा. दाराचं भोक काही गाड्यांत कडीजवळच्या प्लॅस्टिकच्या टोपीखाली असतं. आत बसल्यावर स्मार्ट चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबा. आतली चिप बिनसेलाची असते, गाडी तिला ओळखते. काही गाड्यांत यासाठी वेगळा खाचा असतो. हे नवरात्रीच्या आधी घरात सगळ्यांनी एकदा करून बघा. रात्री बारानंतर गरब्याच्या मैदानाबाहेरून येणारे फोन याचेच असतात.

१९. घरी रिमोट चालतो, एका ठराविक जागी चालतच नाही.

जवळ त्याच फ्रिक्वेन्सीवर काहीतरी जोरात प्रसारण करत असेल तर रिमोट दबतो. गाडीच्या अगदी जवळ जाऊन दाबा, नाहीतर चावी वापरा. याचाच गैरफायदा चोर घेतात. जॅमर लावला की तुम्ही लॉक दाबता, पण गाडी ऐकतच नाही. मग तुम्ही पाठ फिरवून निघून जाता. इंडिकेटर चमकला का ते बघा, आवाज ऐका आणि कडी ओढून बघा.

२०. गाडी आपोआप लॉक होते. बिघाड आहे का?

चालताना झाली तर बहुधा स्पीड लॉक आहे, वेग थोडा वाढला की दारं लागतात. पार्किंगमध्ये रिमोटने उघडून दार न उघडता सोडलं तर अनेक गाड्या अर्ध्या मिनिटाच्या आसपास स्वतःच पुन्हा लॉक होतात. चुकून बटण दाबलं गेलं असेल म्हणून ती सोय केलेली असते. म्हणून चावी सीटवर टाकून दार लावायचं नाही.

२१. गॅरेजवाला म्हणतो बीसीएम बदला. बदलू का?

आधी तीन गोष्टी दाखवायला सांगा: बीसीएमला १२ व्होल्ट पोचतोय, त्याचं अर्थिंग चांगलं आहे, आणि बटण दाबल्यावर हुकूम आत येतोय पण बाहेर काही जात नाही. स्कॅनर लावला तर बटणाचा हुकूम पडद्यावर बदलताना दिसतो. तिन्ही दाखवलं तर त्याचं खरं आहे. नाही दाखवलं तर प्रश्न ५ आणि १३ ची कामं आधी करून घ्या. दुसऱ्या गाडीतला जुना बीसीएम स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. त्याला तुमच्या गाडीसाठी कोडिंग लागतं, आणि काही गाड्यांत इमोबिलायझरही (ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा) त्याच्याशी बांधलेला असतो. मग लॉक तर नाहीच, गाडीही चालू होत नाही.

२२. मे महिन्यात दुपारी लॉक बंद, संध्याकाळी चालू. गॅरेजला नेतो तेव्हा चालतं, मग ते म्हणतात काही दोष नाही.

हा सगळ्यात छळणारा प्रकार. बडोद्यात ४२-४३ अंशांत उभ्या गाडीचं दार हाताला चटका देतं. झिजलेली मोटर गरम झाली की तिचा जोर आणखी कमी होतो. डब्यातल्या रिलेजवळ (करंट चालू-बंद करणाऱ्या छोट्या स्विचजवळ) सोल्डरला केसाएवढी भेग असेल तर ती उष्णतेने उघडते आणि गार झाल्यावर मिटते. गॅरेजच्या सावलीत पोचेपर्यंत आजारच पळतो.

म्हणून दुपारी, बिघाड चालू असतानाच, गाडीत बसून ऐका. डॅशबोर्डखालून रिलेची 'टिक' येते आणि दार गप्प, तर दोष त्याच्या पुढे, म्हणजे वायर किंवा मोटर. 'टिक'ही येत नसेल तर डब्याकडे किंवा बटणाकडे. अशक्त मोटर ओळखायला ओलं फडकं दाराच्या बाहेरून लॅचच्या जागी दहा मिनिटं ठेवा. पत्रा गार होऊन लॉक चाललं तर मोटर बदलून घ्या. आणि हे सगळं फोनवर चित्रित करा, म्हणजे संध्याकाळी गॅरेजमध्ये वाद घालावा लागणार नाही.